वेलांटीचा वेल

गेल्या दोन वर्षांत तुमची जी पत्रे आली, त्यांतल्या बऱ्याच पत्रांत एक प्रश्न हटकून असतो. ‘तुमच्या सदराचे शीर्षक पूर्वी तुम्ही स्वतः हाताने काढत होतात. दर वेळी अक्षराचे वळण निराळे असे. आम्ही मजकुराच्या आधी ते पाहत असू. हल्ली तिथे छापील अक्षरे येतात. असे का?’ दोघातिघांना मी कळवले की, जागेची टंचाई आहे आणि संपादकांचा तसा आग्रह आहे. एका आजींना तर ‘काळ बदलला’ असे भारदस्त उत्तरही दिले. वाचकहो, दिवाळीच्या तोंडावर खोटे बोलू नये. संपादकांचा कसलाही आग्रह नव्हता आणि जागा पूर्वीइतकीच होती. टंचाई होती ती माझ्या हाताची.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा हात थरथरू लागला. सकाळचा कप उचलताना चहा बशीत सांडला आणि आमच्या सौभाग्यवतींनी, ‘लक्ष कुठंय?’ म्हणून विचारले. लक्ष कपातच होते. मग डॉक्टर झाले. ते म्हणाले, हा कंपवात नव्हे. कंपवातात हात बहुधा स्वस्थ पडलेला असताना हलतो. तुमचा कामाला लावला की हलतो. जिवाला धोका नाही, वयाबरोबर थोडा वाढेल, रोजची कामे चालू ठेवा. आता माझे रोजचे काम काय, हे त्या बिचाऱ्यांना कुठले ठाऊक! जे. जे.च्या उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडल्यापासून चाळीस वर्षे मी अक्षरे काढून पोट भरले. साबणांची नावे, केशतेलांची नावे, पुस्तकांची मुखपृष्ठे, नाटकांच्या जाहिराती. श्वास रोखायचा, कुंचला टेकवायचा आणि काना वरून खाली एका दमात ओढायचा. पट्टी लावायची नाही, हा आमचा अभिमान. तो काना आता नागमोडी येऊ लागला. मी कुंचले धुतले, पुसले, डब्यात घातले आणि डबा माळ्यावर टाकला. सोसायटीच्या फळ्यावर तीस वर्षे ‘शुभ दीपावली’ मीच लिहीत आलो होतो. गुडघा धरतो, शिडी चढवत नाही, असे सेक्रेटरींना सांगितले. गुडघा ठणठणीत आहे.

हे गुपित असेच माळ्यावर राहिले असते. पण यंदाच्या पावसाळ्यात आमच्या नातीने, सईने, ते खाली काढले. आणि तिला साथ दिली गॅलरीतल्या एका कारल्याच्या वेलाने.

सई डिझाइनच्या कॉलेजात शिकते. जुलैत तिला एक काम मिळाले. एक मराठी शब्द घ्यायचा. निसर्गातला एखादा आकार निरखायचा. त्या आकाराच्या चालीने तो शब्द पडद्यावर घडवायचा; नुसता दाखवायचा नाही, हलवायचा. लांबी बारा सेकंद, आणि शब्द वाचता आला पाहिजे. सईने शब्द निवडला ‘दिवाळी’.

‘बारा सेकंद?’ मी म्हणालो. ‘आमच्या वेळी बारा सेकंदांत कुंचलासुद्धा भिजत नसे.’

‘आबा, बारा सेकंद म्हणजे २८८ चित्रं. सेकंदाला चोवीस.’

हा हिशेब मला अगदीच नवा नव्हता. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगचित्रपटांचा विभाग निघाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स नावाचे गृहस्थ तिथे शिकवायला आले होते आणि राम मोहन यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार तिथेच घडले. विद्यार्थी असताना मी एकदा तिथले काम पाहिले होते. काचेचे टेबल, काचेखाली दिवा, कागद जागचा सरकू नये म्हणून खुंट्या. एका चित्रावर दुसरा कागद ठेवायचा आणि किंचित बदलून पुन्हा काढायचे. प्रत्येक चित्र दोनदा टिपले तर डोळ्याला फारसे कळत नाही, म्हणून निम्म्या चित्रांत भागते, हेही तिथेच समजले. २८८ची १४४ होतात. पण हे सगळे हरणांसाठी आणि माकडांसाठी. अक्षरांना कोणी असे नाचवते का?

माझी पिढी स्थिर अक्षरांची. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी कितीतरी मराठी नाटकांची नावे काढली. वर्तमानपत्रात नुसते नाव पाहिले तरी नाटक हसवणार की रडवणार याचा अंदाज येई. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी तर देवनागरीला संगणकात नेऊन बसवले. संगणकावर ‘मंगल’ नावाचा जो टंक असतो, तो त्यांचाच. अक्षर जागचे हलत नसे आणि तरी बोलत असे. मुळात अक्षर म्हणजे जे झिजत नाही, ढळत नाही ते. त्याला हलवायचे म्हणजे देवळातल्या मूर्तीला फुगडी घालायला लावण्यासारखे आहे, असे माझे मत मी जेवताना मांडले.

सई म्हणाली, ‘पण आबा, लिहिताना ते हलतंच की! तुम्ही काना काढता तेव्हा तो वरून खाली येतो. नंतर थांबतो.’

यावर मी आमटी मागितली.

पहिल्या आठवड्यात तिने जे केले ते पाहून मला बरे वाटले, कारण ते वाईट होते. पडद्यावर ‘दिवाळी’ ही अक्षरे आधीपासूनच उभी होती. त्यांना भराभर पाने फुटली, फुले उमलली आणि शेवटी एक फुलपाखरू येऊन ‘ळी’वर बसले. मी म्हणालो, ‘बाई गं, ही अक्षरं वाढत नाहीत. त्यांना पानं चिकटवलीस. हे मखर झालं.’ हे मला अधिकाराने बोलता आले, कारण हेच पाप मी जन्मभर केले आहे. आइस्क्रीम म्हटले की अक्षरांवर बर्फ, मसाला म्हटला की अक्षरांना ज्वाळा. एका मासिकाच्या भयकथा विशेषांकाचे शीर्षक मी अशा थरथरत्या अक्षरांत काढले होते की, पाहणाऱ्याने रात्री एकट्याने मोरीत जाऊ नये! त्या थरथरीचे पंधरा रुपये जादा घेतले होते. हे पंधरा रुपये लक्षात ठेवा. त्यांचे पुढे काम आहे.

दुसऱ्या आठवड्यात सई शहाणी झाली. पाने लावण्याचे सोडून तिने अक्षरच पेरायचे ठरवले. १९६८ साली अरिस्टिड लिंडेनमायर नावाच्या हंगेरियन जीवशास्त्रज्ञाने वनस्पतींची वाढ नियमांत मांडण्याची एक पद्धत काढली. ती सईने मला वाण्याच्या यादीच्या पाठीवर समजावून दिली. दोनच नियम घ्या. दर पावलाला ‘अ’चे ‘अब’ होते आणि ‘ब’चा ‘अ’ होतो. आता एका ‘अ’पासून सुरुवात करा. अ. अब. अबअ. अबअअब. अबअअबअबअ. बस्स! ‘अ’ म्हणजे वाढलेली पेशी आणि ‘ब’ म्हणजे कोवळी, असे समजले की झाले झाड सुरू. शेवटी आपण कसे दिसणार याचे चित्र रोपट्याजवळ नसते. त्याला फक्त पुढचे पाऊल ठाऊक असते. नियम थोडे वाढवले, ‘इथे फाटा फोड’, ‘इथे वळ’ असे सांगितले, की संगणक नेचे उलगडून दाखवतो आणि झुडूपही उभे करतो.

त्या ओळींतली अक्षरे मी मोजली. एक, दोन, तीन, पाच, आठ. हे आकडे आपल्या छंदशास्त्रातलेच! लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. मग चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी बांधता येईल? पाच. पाच मात्रांची? आठ. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी हा हिशेब सांगून ठेवला होता, इटलीतल्या फिबोनाचीने तो १२०२ साली सशांवर मांडण्याच्या आधी. झाडाच्या वाढीत आणि श्लोकाच्या मात्रांत एकच बेरीज निघाली, तेव्हा मी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसलो.

पण संगणकाने उगवलेली ‘दिवाळी’ पाहिली आणि पुन्हा मागे रेललो. चार निवडुंग उगवले होते. वाचता येईल तर शपथ!

‘कुठं चुकलं?’ सईने विचारले.

चुकले कुठे, ते मला लगेच दिसले. तिची अक्षरे जमिनीतून वर उगवत होती. रोमन अक्षर जमिनीवर पाय रोवून उभे राहते, तेव्हा त्याचे झाड करणे सोपे. आपले अक्षर उभे राहत नाही, ते टांगलेले असते. शिरोरेषा ही दोरी आणि काने, गाठी, उकार हे सगळे तिच्यावरचे वाळत घातलेले कपडे. आपल्या अक्षराला झाड व्हायचेच असेल तर त्याने वडाकडे पाहावे. पारंब्या वरून खाली येतात. ‘तुझं अक्षर दोरीवरून उतरू दे,’ मी म्हणालो आणि हात वर करून दोरी दाखवायला गेलो.

दोरी खरोखरीच होती, कारण आम्ही गॅलरीत बसलो होतो. आणि त्या दोरीला कारल्याचा वेल चिकटला होता.

हा वेल सौभाग्यवतींनी माझ्या रंगाच्या एका रिकाम्या डब्यात लावलेला. पावसात तो गजांवरून चढला आणि कपड्यांच्या दोरीपर्यंत पोहोचला. सईने त्याच्यासमोर मोबाइल बांधून ठेवला. दर दोन मिनिटांनी एक चित्र. चोवीस तासांची ७२०. पडद्यावर तीस सेकंद. रात्री अंधार नको म्हणून गॅलरीत दिवा. समोरच्या बिऱ्हाडातून ‘कोणी आजारी आहे का?’ अशी चौकशीही आली.

मला दादासाहेब फाळके आठवले. १९१२ साली चित्रपट काढण्यासाठी पैसे हवे होते आणि सावकाराला हा काय प्रकार आहे हे पटवायचे होते. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करत राहिले. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटला, रोप वर आले, वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ तिचे नाव. पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला तो सर्वांना माहीत आहे. पण त्याच्या आधी ह्या भूमीत पडद्यावर एक वाटाणा हलला होता. त्याच फाळक्यांनी पुढे आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ही केली. म्हणजे निर्जीव वस्तू चालवायची विद्या आणि सजीवाची वाढ दाखवायची विद्या, दोन्हींचा कुलपुरुष एकच, आणि तो त्र्यंबकेश्वरचा. मी मघाशी मूर्तीच्या फुगडीचे जे बोललो, ते मनातल्या मनात मागे घेतले.

आमच्या तीस सेकंदांत काय दिसले? रोज पाणी घालताना जो वेल ढिम्म वाटतो, तो क्षणभरही स्वस्थ नसतो. शेंडा गोल गोल फिरत आधार शोधतो. चार्ल्स डार्विन आजारपणात खोलीत अडकून पडला होता, तेव्हा त्याने कुंडीतल्या वेलाच्या अशाच फेऱ्या मोजल्या आणि १८६५ साली चढणाऱ्या वेलींवर मोठा निबंध लिहिला. खोलीत अडकलेल्या माणसाला वेल बरा सोबती होतो, याचा अनुभव मीही घेतला. आमच्या वेलाचा एक तणावा, म्हणजे तो दोऱ्यासारखा बारीक तंतू, हवेत चाचपडत होता. त्याला दोरी लागली. त्याने एक विळखा घातला, दुसरा घातला. आणि मग खरी गंमत झाली. दोरी आणि वेल यांच्यामधला सरळ तंतू आपणच पिळू लागला. पण सगळा एका दिशेने नव्हे! अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे, आणि मध्ये एक लहानसा सरळ तुकडा, जिथे पीळ उलटतो.

याचे कारण डार्विननेच सांगितले आहे. तंतूची दोन्ही टोके बांधलेली आहेत. एका दिशेने जितके वेढे पडतील, तितकेच उलट्या दिशेने पडले तरच एकंदर हिशेब शून्य होतो. नाही तर तंतू पिळवटून जाईल. जुन्या टेलिफोनची गुंडाळीची वायर आठवा; तिचाही पीळ मध्येच असा उलटायचा आणि सोडवता सोडवत नसे. हा पीळ पडतो कसा, हे २०१२ साली हार्वर्डच्या संशोधकांनी काकडीच्या तणाव्यांवर पाहिले. तंतूच्या आत तंतुमय पेशींची एक बारीक फीत असते. तिची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त आखडते आणि तणावा वळतो. या पिळामुळे वेल आधाराजवळ ओढला जातो आणि वारा आला तर स्प्रिंगसारखा ताणला जातो, तुटत नाही.

मी त्या चित्राकडे पाहत होतो आणि माझा हात आपोआप हवेत फिरला. पहिली वेलांटी. दुसरी वेलांटी. शब्दातच वेल आहे आणि चाळीस वर्षे वेलांट्या काढूनही मला तो कधी दिसला नव्हता! ‘दि’ची वेलांटी डावीकडून उठते आणि उजवीकडे झुकते. ‘ळी’ची उजवीकडून उठते आणि डावीकडे झुकते. शब्दाच्या दोन टोकांना दोन उलट वळणे, आणि मध्ये ‘वा’चा सरळ काना. आमच्या तणाव्याने दोरीवर ‘दिवाळी’च लिहायला घेतली होती म्हणा ना!

सईने संगणक उघडला तो रात्री दोनला मिटला. चौथ्या दिवशी तिने दाखवले. डावीकडून दोरी येते. तिच्यावरून वेल पुढे सरकतो, ‘द’ खाली लोंबतो, गाठ बसते, ‘व’चे पोट फुगते, काना उतरतो, ‘ळ’ची दोन वेटोळी पडतात, आणि शेवटी एकच तंतू दोन्ही टोकांना दोन उलट वेलांट्या टाकतो. वाचता येत होते. सुंदर होते. पण सात सेकंदांनी वाढ संपली, शब्द पुरा झाला आणि पुढची पाच सेकंदे तो तसाच उभा राहिला. तेवढ्यात काही तरी गेले. जणू कोणी पिना लावून फुलपाखरू बसवले. सईच्या बाईंनीही तेच सांगितले, ‘वाढतंय छान, पण वाढ संपली की मरतंय.’

सई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी काही शोधत असताना तिच्या हाती माझी डायरी लागली.

ही डायरी म्हणजे काही साहित्य नव्हे. मी रक्तदाबाची गोळी विसरतो, म्हणून सौभाग्यवतींनी नियम घातला की, रोज गोळी घेतल्यावर त्या तारखेच्या पानावर वरच्या कोपऱ्यात ‘गोळी घेतली’ असे लिहायचे. लिहिले नाही तर चहा नाही. जानेवारीपासून दोनशेच्या वर पाने झाली होती. रोज तेच दोन शब्द, त्याच जागी, त्याच थरथरत्या हाताचे. मी ती डायरी कोणाला दाखवत नसे. सईने अंगठ्याने पाने भरकन सोडली आणि थांबली. पुन्हा सोडली.

‘आबा, हे बघा.’

मी पाहिले. ‘गोळी घेतली’ जागच्या जागी हलत होते. ‘ळी’ची वेलांटी वाऱ्यावर वेल हलावा तशी डुलत होती. अक्षर तेच होते, जागा तीच होती, तरी ते क्षणभर स्थिर नव्हते. ते जिवंत दिसत होते.

सई भराभर बोलत होती. चलच्चित्रांत हा एक प्रकारच आहे. एकच चित्र पुन्हा पुन्हा गिरवले की हाताच्या बारीक फरकाने रेघ उकळल्यासारखी हलते, आणि पात्र नुसते उभे असले तरी श्वास घेतेसे वाटते. १९७४ साली ब्रिटिश टेलिव्हिजनवर बॉब गॉडफ्रे यांनी ‘रूबार्ब’ नावाच्या हिरव्या कुत्र्याची मालिका केली, ती सगळी अशीच मार्करच्या उकळत्या रेघांची. ‘संगणकाची रेघ थांबली की अगदी थांबते, आबा. तुमची थांबत नाही. शेवटची साठ चित्रं तुम्ही काढा.’

मला काय झाले कोण जाणे. मी डायरी तिच्या हातातून ओढून घेतली आणि म्हणालो, ‘माझ्या दुखण्याचा तमाशा मांडू नकोस.’ पोरगी रडवेली होऊन आत गेली. घरात अशी शांतता झाली की, कुकरची शिटीसुद्धा दबकत वाजली.

रात्री सौभाग्यवतींनी अंथरूण घालता घालता विचारले, ‘अहो, त्या भुताखेतांच्या अंकाचे पंधरा रुपये आठवतात?’

‘त्याचं आता काय?’

‘तेव्हा हात धड होता, तर मुद्दाम थरथरवलात आणि जादा पैसे घेतलेत. आता आपणहून थरथरतोय, तर लाज वाटते होय?’

या बाईंशी लग्नाला पन्नास वर्षे होत आली. अजून मला एकाही वादात शेवटचा शब्द मिळालेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः शिडी लावून माळ्यावरचा डबा काढला. (गुडघ्याचे खोटेपण इथेच उघड झाले.) जेवणाच्या टेबलाची काच दोन स्टुलांवर ठेवली, खाली नळीचा दिवा. ऑफिसच्या पंचने कागदांना दोन दोन भोके पाडली आणि पेन्सिलीच्या दोन तुकड्यांच्या खुंट्या केल्या. सईने मूळ शब्द खाली ठेवला. मी कुंचला भिजवला आणि भुतांच्या अंकाची आठवण ठेवून मनगट थोडे हलवू लागलो.

‘नाही, आबा,’ ती म्हणाली. ‘तुम्ही हलवायचं नाही. तुम्ही अगदी सरळच काढायचं. जमेल तितकं हुबेहूब.’

वाचकहो, ते ऐकून माझा कुंचला तसाच हवेत राहिला. दोन वर्षे मला वाटत होते की, माझ्याकडून आता सरळ रेघेची अपेक्षा कोणी करू नये. ही पोर तीच मागत होती. मी श्वास रोखला आणि काना ओढला. तो नागमोडीच आला. दुसरा कागद. पुन्हा जीव लावून सरळ. पुन्हा नागमोडी, पण निराळा. चाळीस वर्षे माझी धडपड होती की, शंभरावा काना पहिल्यासारखाच यावा. आता पहिल्यांदाच, तो पहिल्यासारखा येत नव्हता हे कामाचे होते. अट एवढीच की, प्रयत्न खरा हवा. खोटे थरथरलेले दोन कागद सईने मधे घालून पाहिले. पडद्यावर ते लगेच ओळखू आले, नाटकात खोटे रडणारा नट ओळखू यावा तसे.

साठ चित्रे झाली. मग मीच म्हणालो, वाढीची ८४ तरी संगणकाने का काढावी? रोज आठ. अठरा दिवसांत १४४ पुरी झाली. हात थकला की गॅलरीत जाऊन वेल पाहत बसे. त्याचे तणावे तोवर साऱ्या दोरीवर पसरले होते आणि आमचे टॉवेल आतल्या खुर्च्यांवर वाळत होते.

घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी दिवाणखान्यात चादर लावून आम्ही ती फिल्म पाहिली. चिरंजीव, सूनबाई, शेजारचे काका-काकू आणि त्यांचा पहिलीतला नातू. बारा सेकंद ते कितीसे! दोरी आली, वेल सरकला, अक्षरे उतरली, वेलांट्या पडल्या. आणि मग पाच सेकंद ‘दिवाळी’ दोरीवर नुसती झुलत राहिली, पावसाने उघडीप दिल्यावर वेल झुलतो तशी. त्या पाच सेकंदांत माझ्या हाताकडे कोणाचे लक्ष नव्हते. तिकडे मीच एकटा पाहत होतो. शेजारचा नातू बोटाने हवेत ‘ळी’ काढत म्हणाला, ‘पुन्हा लावा!’ आम्ही ती अकरा वेळा लावली.

सईचा निकाल अजून लागायचा आहे. माझा लागला. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी परवा सांगून टाकले की, यंदा फळ्यावर मीच लिहिणार. गुडघा बरा आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मी बहुधा शिडीवर असेन. खाली शिडी धरायला सई आहे.

आणि वर या लेखाचे शीर्षक पाहिलेत का? दोन वर्षांनी ते पुन्हा हाताने काढले आहे. वेलांटी थोडी हललेली दिसेल. ती छापखान्याची चूक नव्हे. कृपा करून त्यांना पत्रे पाठवू नयेत. पत्रे मला पाठवावीत. उत्तरे मी हातानेच लिहीन, पण सावकाश, कारण आतून हाक आली आहे, ‘गोळी घेतली का?’

घेतली नाही. घेऊन, लिहून येतो. तुम्हा सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो.